पिवळा ठिपका

शरदाचे निवळशंख ऊन प्रयोगशाळेच्या गजांतून उतरत होते. शुभ्र भुश्यावर, शुभ्र उंदरांच्या शुभ्र अंगावर. त्या शुभ्रतेत एकच रंग होता, पिवळा. रानवेलीचा अर्क पाजलेल्याच्या पाठीवर पिवळा ठिपका. नुसते पाणी पाजलेल्याच्या माथ्यावर पिवळा ठिपका. ठिपके प्रयोगशाळेतली मदतनीस वैजयंती लावी, आणि तिच्या बोटांवरून तो रंग कधी जात नसे.

मग सगळ्यांना आकडी आणणारे औषध टोचायचे, आणि अर्काने कोण तरते ते पाहायचे. नुसते पाहायचे. हात लावायचा नाही.

वैजयंतीच्या लेकीला, सात वर्षांच्या रेवाला, आकडी येई. कधी शाळेत, कधी भरल्या ताटावर. शेजारीण कांदा हुंगवायला धावे, कुणी चप्पल आणा म्हणे. वैजयंती कुणाचे ऐकत नसे. ती लेकीला अलगद कुशीवर वळवी. डॉक्टरांच्या गोळ्या हरल्या होत्या. आता तिची सारी आशा अर्काच्या त्या हिरव्या थेंबात होती.

पिवळ्या माथ्याचा एक उंदीर थबकला. मिशा थरथरल्या, थरथर अंगभर पसरली, इवलीशी मान मागे गेली. काही कळायच्या आत वैजयंतीचा हात पिंजऱ्यात गेला, आणि तिने त्याला कुशीवर वळवले.

"अहो बाई, हे काय केलंत?" प्रयोग चालवणारे निमकर सर म्हणाले.

"हात गेला, सर."

"आता आजचं सगळं बाद. पुन्हा नवे उंदीर, पुन्हा तीच आकडी."

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते.

शेजारी, पिवळ्या पाठीचा एक उंदीर निवांत तोंड धूत बसला होता. त्याला आकडी आलीच नव्हती. पण त्याची साक्षही आता कुणी धरणार नव्हते. एकावर केलेली माया दुसऱ्यांच्या अंगावर गेली होती, आणि वैजयंतीला स्वतःच्याच हातांची लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात तेच ऊन, तेच गज, नवे जीव. पिवळ्या माथ्याचे ताठले, कोसळले. वैजयंतीने दोन्ही मुठी अॅप्रनच्या खिशात घट्ट आवळल्या. "माफ कर रे बाळा," ती प्रत्येकाला पुटपुटली, पण हात बाहेर काढला नाही. पिवळ्या पाठीचे बहुतेक तरले. सर प्रथमच हसले. "चांगलं आहे. पण माणसांपर्यंत पोचायला वर्षं लागतील, बाई."

त्या संध्याकाळी अंगणात रेवाला आकडी आली. वैजयंतीने तिला कुशीवर वळवले. आकडी ओसरली, श्वास सावकाश झाला, ऊन उंबऱ्यावरून उतरून गेले. तरी तिने हात काढला नाही. लेकीच्या माथ्यावर, तिची ती पिवळी बोटे.