हार घातलेला तपासणीचा कागद

न्हाई भुजंगा, न्हाई! तोंड वर करून तातेरावला सांगितलंस, "हे पाह्य, सरकारी कागद हाय." आरं, कागद हाय तर कागदाला इचारलंस का? शटर ओढून निघून गेलास. आता तू ऐक न्हाई तर नको ऐकू, मी बोलणारच.

मी तुह्या सँडविचच्या दुकानातला तपासणीचा कागद. देवाच्या फोटोच्या बाजूला काचंत बसवलेला. माह्या गळ्यात प्लास्टिकच्या झेंडूचा हार हाय. लोकं हार बघत्यात. माह्यावर काय लिव्हलंय ते कोणी वाचत न्हाई.

मी जन्मलो अठ्ठ्याण्णव साली. तव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातच व्हती. तू नांदेडहून हाताचा टोस्टर आणला अन् बसस्टँडच्या रस्त्याला दुकान टाकलं. सेनगावकडची माणसं यायची, पाव उचकटून बघायची अन् म्हणायची, "ह्याच्यासंग कांदा न्हाई का?" तू चिडायचा. सिंधूबाई, तुही बायको, गपचूप कांदा फोडून द्यायची.

चटणी तिच्याच हातची. सकाळी पाट्यावर वाटायची, सांजच्याला उरली की फेकून द्यायची. तू वरडायचा, "आगं, चांगली हाय की!"

ती म्हणायची, "चांगली हाय तर तुमी खावा. गिऱ्हाईकाला न्हाई द्यायची."

पाण्याची टाकीबी तीच घासायची, साडी खोचून आत उतरून.

तपासणीवाले साहेब आले तव्हा त्याहिनं समदं उघडून बघितलं. टाकीत वाकले, चटणी हुंगली, सुरीवरून बोट फिरवलं. मंग माह्यावर लिव्हलं, 'पाणी झाकलेले, भांडी स्वच्छ, चटणी ताजी. समाधानकारक.' खाली सही, शिक्का. त्या दिवशी मलाबी लई भारी वाटलं, खोटं काहून बोलू.

पर तू मला फ्रेमात घातलंस, तिथंच समदं बिघडलं. शिक्क्याला हळदकुकू लावलंस. दसऱ्याला लोकं हत्यारं पुजत्यात, तू मला पुजलंस. आपट्याचं पान खोचलंस, हार घातलास. तो हार बराबर तारखेवर अन् 'जिल्हा परभणी'वर आला. समोरचा पानवाला हरिचंद म्हणलाबी, "भुजंग, कोण वारलं रे? फोटूला हार घातला ते?" समदे हसले. तूबी हसलास. मला न्हाई आलं हसू.

रोज अगरबत्ती सुरू झाली अन् टाकी घासाया तू तिला अडवाया लागलास. सिंधूबाई म्हणाली, "अवं, कागदाला ओवाळून पाणी साफ व्हत न्हाई." तू गिऱ्हाईकापुढं बोललास, "साहेबानं पास केलंय, तू कोण नापास करणारी?" तिनं हात धुतले, पदराला पुसले अन् उभ्या पायी सेनगावला शेतावर गेली. गेली ती गेलीच.

मंग काय! जिल्हा नवा झाला, रस्ता नवा झाला, टोस्टरबी इजेवरचा आला. मी तसाच टांगलेला. टाकीचं झाकण वाऱ्यानं उडालं, तू वर पोतं टाकलंस. पोत्यावर कबुतरं बसाया लागली. कालच्या चटणीवर आजची कोथमीर पडाया लागली. एकदा साहेबाची जीप येऊन राहिली म्हणून कळलं, तर शटर खाली अन् तू पानटपरीच्या मागं! जीप गेल्यावर आलास अन् पयली अगरबत्ती मला लावलीस. काचंमागं तोंड लपवाया जागा नसती रे.

अन् आज तातेराव आला. सिद्धेश्वर धरणाकडचा माणूस. बाजारच्या दिवशी बकऱ्या घेऊन येतो अन् लेकीला, कोमलला, तुह्याकडं सँडविच खाऊ घातल्याबिगर जात न्हाई. मागच्या बाजारापून पोरगी उलट्या-जुलाबानं हैराण. सलाईन लावून दवाखान्यात पडलीय. बाप तांबडालाल होऊन आला.

"भुजंगराव, काय घातलंत माह्या लेकराच्या पोटात?"

"तोंड सांभाळ, तातेराव. बाजारात दुनियेच्या चीजा खात्यात पोरं. माह्याच नावानं काहून बोंबलून राहिला?"

"तुमच्याकडचंच खाल्लं तिनं. दुसरं काई न्हाई."

"मंग हे पाह्य वर! सरकारी कागद हाय, शिक्का हाय. सरकार लबाड हाय का?"

तातेरावनं वर बघितलं. त्याला वाचता येत न्हाई. हार दिसला, हळदकुकू दिसलं, अगरबत्तीचा धूर दिसला. राग उतरला त्याचा. चपला काढल्या अन् त्यानं मला हात जोडले, भुजंगा. मला!

"चुकलं माहं," म्हणला. "मंग आमच्या आडाचंच पाणी बाधलं आसंल. पोरगी तर डोळे उघडले की सँडविचच मागती. बरं वाटलं तर येत्या बाजारी घेऊन येतो."

"आण की," म्हणलास तू. जीभ कशी झडली न्हाई तुही!

त्यानं शिव्या दिल्या असत्या, दगड घालून काच फोडली असती, तर मी काई म्हणलो नसतो. पर हात जोडले. चपला काढून! त्या घडीला वाटलं, वाळवी लागावी मला.

अन् मला खोटा म्हणू नको. माह्यावरचं एक अक्षर खोटं न्हाई. पर ते सिंधूबाईच्या हाताचं हाय, तुह्या न्हाई. तिनं झाकलेलं पाणी लोकं कव्हाच पिऊन गेले. हरिचंद थट्टेत बोलला, पर बराबर बोलला. ज्या दुकानाचं माह्यावर लिव्हलंय, ते दुकान वारलं. तू त्याच्या फोटूला हार घालून धंदा करून राहिलास.

येत्या बाजारी ती पोरगी येईल. हडकलेली, बापाचं बोट धरून. बाकड्यावर बसंल, पाय हालवंल. बाप पुन्हा माह्याकडं बघून हात जोडंल. त्याच्या आधी मी हितून गेलो पाह्यजे.

हार काढ. मला उतरव, चुलीत घाल. दवाखान्यात जा अन् तातेरावला तोंडावर सांग, आड तुमचा चांगला हाय, टाकी माही घाण हाय. डाक्टरलाबी सांग. मंग ये अन् साडी खोचून ती उतरायची, तसं धोतर खोचून टाकीत उतर.