पांढरी शेपटी

कट्! खारुटीनं रानअक्रोड दातांनीच फोडला आणि सकाळपासून घरात साचलेली शांतता मोडली.

"दगडानं फोड गं. दात पडतील," ओमिस्के लेकीला म्हणाली. मान मात्र तिनं वर केली नाही. तिच्यापुढे चटईवर हरणाचं आख्खं कातडं पसरलं होतं, डोक्यासकट, शिंगांसकट. ते आणून टाकणारा तिचा धाकटा भाऊ टाकोन दारातच बसून होता.

"ताई, बोल की काहीतरी."

"काय बोलू? डोकं चांगलं आहे. शिंगं जड आहेत, आतून पोकरावी लागतील."

"म्हणजे करतेस?"

ओमिस्केनं कातड्याच्या मानेत हात घालून पाहिला. शिकारीच्या मोसमात सगळं गाव चटया, भांडी पाठीवर घेऊन इथं रानात येतं. असली कातडी शिवायची तर ओमिस्केनंच. पोकळ मानेत हात घालून, कातडं पांघरून, हरणाचं सोंग घेऊन गडी कळपाच्या अंगाशी सरकत जातो. तिनं शिवलेली डोकी चरतातसुद्धा, असं लोक म्हणायचे. तिचा नवरा नोमाक तर हे ज्याला त्याला सांगत सुटायचा.

गेल्या हिवाळ्यात नोमाक असाच तिनं शिवलेल्या कातड्याखाली होता. पलीकडच्या झाडीतून टाकोनला एक उमदं हरीण मान वळवून स्वतःची पाठ चाटताना दिसलं. त्यानं बाण सोडला.

दोष कुणाचाच नाही, असं सगळे म्हणाले. ओमिस्केनं तोंडाला दुखवट्याचा कोळसा फासला. टाकोननं धनुष्य छपराला टांगलं ते टांगलंच. तेव्हापासून तो सशांना फास लावत होता.

"करते की! न करून सांगते कुणाला?" बाहेर मका कांडणाऱ्या मावशीनं मुसळ थांबवलं. "दुसऱ्यांच्या वाट्यातलं मांस गिळून घशाला लाज वाटायला लागलीय माझ्या. आणि हा गडी बघा! काल ससा आणला, तोसुद्धा म्हातारा. ह्याची दया येऊन स्वतःच फासात शिरला असेल."

"हसून घे मावशी," टाकोन म्हणाला. "पण ही पोर वाळत चाललीय. थंडी तर आत्ताशी सुरू झालीय."

"मग जा ना सगळ्यांबरोबर. रान पेटवून हरणं घेरतात, तिथं उभा राहा."

"लांबून नाही मारायचं मला." त्याचा आवाज एकदम खाली गेला. "कळपात जाऊन मारीन. डोळे दिसतील इतक्या जवळून."

मावशीचं मुसळ पुन्हा सुरू झालं, पण हळू.

टाकोन बहिणीकडे सरकला. "ताई, या वेळी जरा वाईट शिव. इतकं खरं नको. माणसाला कळू दे, हरणाला कळू नये."

"असं कसं शिवू रे?" ओमिस्के म्हणाली. "मला एकच शिवण येते."

तरी तिनं प्रयत्न केला. हरणाचाच मेंदू आतल्या बाजूनं चोळून कातडं मऊ केलं. शिंगं पोकरली. सरस कढवून कान ताठ बसवले. एका कानाची शिवण मुद्दाम ढिली सोडली, तर कान मेल्यासारखा लोंबायला लागला. तिनं तो उसवला. पुन्हा शिवताना शिवणीची तात आपोआप घट्ट ओढली गेली. मुलीला मांडीवर निजवून, एका हातानं थोपटत, दुसऱ्या हातानं ती शिवत राहिली. पोरीच्या बरगड्या बोटांना लागत. हात थांबवायची सोय नव्हती.

कातडं तयार झालं त्या दुपारी टाकोननं ते पांघरून पाहिलं. तो वाकला. डोकं हळूच वर आलं, नाक वाऱ्याकडे वळलं, आणि मग मान वळवून पाठ चाटायला लागलं.

ओमिस्केनं तोंडावर हात दाबला.

"हरीण! हरीण!" खारुटी किंचाळत धावली. मावशीनं दुखऱ्या गुडघ्यांना लावायला लाल मुळी अक्रोडाच्या तेलात खलून ठेवली होती. पोरीनं त्या वाडग्यात मनगटापर्यंत हात बुडवले होते. त्याच हातांनी तिनं मागून शेपटी धरली.

ओमिस्केचा हात मारायला उठला आणि तसाच राहिला. पांढऱ्याशुभ्र शेपटीवर लालभडक बोटं उमटली होती. रानात अशी शेपटी कुठल्याच हरणाला नसते.

तिनं वाडगा जवळ ओढला आणि उरलेली शेपटी मुळापर्यंत रंगवायला घेतली.

"अगं, डोकं फिरलं का तुझं?" मावशी ओरडली. "लाल शेपूट बघून कळप पळून जाईल!"

"पळू दे," कातड्याखालून टाकोन म्हणाला. "ताई, अजून लाव."

"आई, हे कशाला?"

"मामाला ओळखायला, बाळा. लांबून बघणाऱ्याला कळेल, आत माणूस आहे."

"मला सुचलं ना? मीच केलं ना आधी?"

"हो गं माझे बाई. तूच."

खारुटी खुशीनं स्वतःचे लाल तळवे उलटसुलट करून बघत राहिली. मग थांबली.

"आई, मग बाबांच्या हरणाला का नाही लावलंस?"

कातड्याखाली टाकोन हलला नाही. हरणाचं डोकं तेवढं त्याच्या हातावरून सावकाश खाली झुकलं. ओमिस्केच्या बोटांवरून लाल तेल चटईवर ठिबकत होतं.

"सांग ना, आई. का नाही लावलंस?"