एबेनेझरचं डुक्कर

आमच्या सुलेखानं १९८५ च्या दिवाळीत डॅनियलशी लग्न ठरवलं आणि आमच्या ह्यांना एकदम खानदान आठवलं. एरवी अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयमध्ये राहून हॅम्बर्गरला कधी नाही न म्हणणारा माणूस! "मुलाच्या घराण्याची नीट चौकशी झाल्याशिवाय मी कन्यादानाला बसणार नाही," असं त्यांनी जाहीर केलं. मुहूर्त मे महिन्यातला. सुलेखा आधी रडली, मग चिडली. बाबांशिवाय बोहल्यावर उभं राहायची तिची तयारी नव्हती आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

इथे चौकशी करायला कुणाची मावशी बसली आहे? हे दर शनिवारी डेट्रॉइटला लायब्ररीत जाऊन जुन्या नोंदींच्या मायक्रोफिल्म फिरवू लागले. गाड्यांचे ब्रेक डिझाइन करणारा माणूस, मागे लागला की सोडत नाही. डॅनियलनं बिचाऱ्यानं आजोबा-पणजोबांची नावं लिहून दिली. तेवढ्यावरून एकेक पिढी खणत हे थेट १६३८ सालात पोचले. त्या साली एबेनेझर नावाचा मूळपुरुष बोटीनं मॅसॅच्युसेट्सला उतरला होता.

मार्चमधल्या एका रविवारी डॅनियल जेवायला आला, तेव्हा ह्यांनी फोटोकॉप्यांचा गठ्ठा टेबलावर आपटला. चेहऱ्यावर लॉटरी लागल्याचा आनंद.

"तुझा मूळपुरुष चोर होता! शेजाऱ्याचं डुक्कर चोरलं म्हणून भर चौकात फटके खाल्लेत त्यानं. कोर्टाचं रेकॉर्ड आहे."

"एकच डुक्कर?" डॅनियलनं विचारलं आणि आणखी एक पुरी घेतली. मला मुलगा तिथेच पसंत पडला.

"असल्या घरात मुलगी द्यायची?" हे माझ्याकडे वळले.

सुलेखा गठ्ठा चाळत होती. "बाबा, तुम्ही लास्ट पेज वाचलंच नाही. हे त्याचं विल आहे." तिनं मोठ्यानं वाचलं. मर्सीला तांबडी गाय, हॅनाला पितळेचं पातेलं, पेशन्सला गादी. चोराच्या पाच मुली, पाचही नावानिशी.

"त्यात काय एवढं? आपला तर अख्खा कुलवृत्तांत छापलाय, चौदा पिढ्यांचा!" म्हणत ह्यांनी कपाटातून तो जाडजूड ग्रंथ आणला.

सुलेखाला मराठी वाचायला वेळ लागतो. बोट ठेवून तिनं आमची ओळ शोधली. "पुरुषोत्तम. इंजिनियर. वास्तव्य अमेरिका. अपत्य: कन्या १." ती थांबली. "माझं नाव कुठाय?"

"अगं, ते पुण्याला छापलं. त्यांनी गाळलं असेल."

"फॉर्म तुम्हीच भरला होतात," मी म्हणाले. "ह्याच टेबलावर. माझं नाव लिहायलाही विसरलात." इतकी वर्षं गिळून ठेवलेलं बोलून टाकलं आणि मला फार बरं वाटलं.

सुलेखा चिडली असती तर परवडलं असतं. तिनं शांतपणे पुस्तक मिटलं. "बाबा, कन्यादानात मुलीचं नाव घ्यावं लागतं. जमेल तुम्हाला? नाहीतर आम्ही मॅनेज करू."

ह्यांचा चेहरा उतरला. त्यांनी पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला. मग घसा खाकरून त्यांनी विचारलं, "सुलेखा, मुहूर्त किती वाजताचा काढलाय?"