प्रिय साडूबंधूंचं बिल

एका पत्राला मी साडेतीन महिने उत्तर दिलं नाही. विसरलो असं म्हणायची सोय नाही, कारण ते पत्र मी वाचत असलेल्या पुस्तकात खूण म्हणून घातलं होतं आणि रोज दुपारी चार-सहा पानं पुढे सरकवत होतो.

पत्र माझ्या साडूचं होतं. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याचं चष्म्याचं दुकान, माझं पुस्तकबांधणीचं, घरातल्याच एका खोलीत. अंतर वीस मिनिटांचं, पण फोनवर मी 'हो' आणि 'बरं' यापलीकडे जात नाही, म्हणून घरचे लोकसुद्धा मला पत्रं लिहितात.

गेल्या वर्षी मी त्याच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नंबरांच्या वह्या बांधून दिल्या होत्या. तीस वर्षांच्या वह्या, कापडी पाठ, काम मनासारखं झालं. बिल मात्र जमलं नाही. नात्यातल्या माणसाकडे पैसे मागायचे म्हणजे मला घाम फुटतो. त्यामुळे बिलाच्या डोक्यावर दुकानाचं नाव घालायच्या ऐवजी मी लिहिलं, 'प्रिय साडूबंधूंस'.

पैसे त्याने त्याच दिवशी दिले. पत्र नंतर आलं.

'पंडित,' असं तो मला म्हणतो, 'तुमचं बिल वाचून डोळ्यांत पाणी आलं. पण विक्रीकराच्या कचेरीत प्रिय साडूबंधू ही कुठली फर्म, ते कुणाला कळेना. दुकानाच्या नावाने नवीन करून पाठवा, म्हणजे तुम्हाला दिलेला कर मला परत मागता येईल. वर्षअखेरपर्यंत मुदत आहे. परतावा आला की काचा घासायचं नवं यंत्र घेणार. जुनं आता काचेपेक्षा मलाच जास्त घासतंय. ता. क. तुमच्या टेबलावरच्या नव्या दिव्याचा कर परत मागितलात का? नसेल, तर तुम्ही पंडित नाही, शंख आहात.'

बायकोने ते मोठ्याने वाचलं आणि 'शंख'वर पदर तोंडाला लावून हसली. आमच्या लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. माझ्या एखाद्या वाक्यावर ती तशी हसल्याचं मला आठवत नाही.

दिव्याचा कर मी मागितला नव्हता. पुठ्ठा, सरस, दोरा यांचा मागायचो. पण त्या दिव्याच्या उजेडात मी बांधणी करतो तसं वाचतोही. मग दिवा धंद्याचा की माझा? खुर्चीचं तेच. मोठ्या कात्रीने तर बायको कापडही बेतते. असली शंका आली की मी बिल एका खोक्यात टाकून द्यायचो. खोकी तीन झाली होती.

साडूला कधी शंका येत नाही. ताटावर बसून मीठ मागावं तसा तो सरकारकडे परतावा मागतो, आणि सरकार वाढतं. दुकानाची पाटी, गिऱ्हाइकांच्या खुर्च्या, आरसे, सगळ्यांवर त्याने कर परत मिळवला होता. 'बघा, धाकटीकडे कसं सगळं वेळच्या वेळी होतं,' असं बायको म्हणायची. माझ्याकडे न बघता म्हणायची, ते जास्त लागायचं.

नवं बिल करायला पाच मिनिटं लागली असती. त्याच्याकडून घेतलेला कर मी केव्हाच भरला होता, माझ्या खिशातून दमडी जाणार नव्हती. पण त्याला हवं असलेलं आणि फक्त माझ्याच हातात असलेलं असं काही उभ्या जन्मात पहिल्यांदाच होतं. ते मला सोडवेना.

"अहो, धाकटीचा फोन होता. बिल पाठवलंत ना?" बायकोने एकदा विचारलं.

"पाठवलं," मी म्हणालो. तोंडातून गेलं ते गेलं.

मुदतीला आठ दिवस उरले असताना साडू स्वतःच माझ्या खोलीत आला.

"पंडित, पोस्टात आज चांगलाच तमाशा करून आलो."

"का?"

"का म्हणजे? तुमचं पत्र गहाळ केलं त्यांनी! वर तिथला साहेब मला म्हणतो, काका, त्यांनी पाठवलंच नसेल. म्हटलं, तोंड सांभाळा! आमच्या साडूंचं एक पान उलटं शिवलं गेलं तर ते दोन दिवस जेवत नाहीत. ते पाठवलं म्हणाले म्हणजे पाठवलं. लेखी तक्रार दिलीय. आमच्या रस्त्याच्या पोस्टमनची आता चौकशी होणार."

मी सुईत दोरा ओवत होतो. तो काही केल्या जाईना.

"बरं, दिव्याचा कर मागितलात?"

"नाही. त्याच्या उजेडात मी वाचतोही."

"मग अर्धा मागा की! जेवढा वापर धंद्याला, तेवढा वाटा. नियमच आहे तसा. तुमच्यासारखी माणसं सरकारलाही ठाऊक आहेत, पंडित."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही कुणाला विचारलंत?"

बोलता बोलता त्याने टेबलावरचं पुस्तक उचललं. त्याच्याच पत्राचा कोपरा बाहेर डोकावत होता. त्याने पानावरच्या दोन ओळी वाचल्या, डोळे बारीक केले, "टाइप फार लहान. एकदा नंबर तपासून घ्या," म्हणाला आणि पुस्तक जागेवर ठेवलं.

तो गेल्यावर मी सुई खाली ठेवली. स्वतःबद्दल त्याला शंका येत नाही, याचा मी इतकी वर्षं हेवा केला. माझ्याबद्दलही त्याला ती आली नव्हती. हेवा त्यामुळे कमी झाला असं नाही. उलट जरा वाढलाच.

बिल दुकानाच्या नावाने लिहिलं, नोंदणी क्रमांक दोनदा ताडून पाहिला. 'ही दुसरी प्रत' असं वर लिहिलं की प्रश्न मिटत होता. पण तो पोस्टमन? मी सात कागद फाडले. आठव्यावर एवढंच राहिलं: 'बिल सोबत आहे. आधी पाठवलं नव्हतं, खोटं सांगितलं. पोस्टमनचा दोष नाही, तक्रार आजच मागे घ्या. मला तुमचा हेवा वाटतो.'

दारात बायकोने विचारलं, "कुठे निघालात? दुसरी प्रत टाकायला?"

"नाही. पहिलीच."

ती माझ्याकडे बघत राहिली. हसली नाही. म्हणाली, "मग रजिस्टर करा. या वेळी पोचायलाच हवं."

पोस्टात खिडकीवरच्या बाईंनी पाकीट तोललं. "पावती दुकानाच्या नावाने करू की तुमच्या? दुकानाच्या नावाने केली तर कर परत मागता येतो."

आत बिल होतं, ते धंद्याचं. कागद होता, तो माझा. अर्धं-अर्धं सांगावं असं क्षणभर मनात आलं, पण मागे रांग होती.

"माझ्या," मी म्हणालो.

बाईंनी शिक्का मारला आणि पाकीट मागच्या थैलीत टाकलं.