आपण म्हणाल तसं, सर

रेफरीचं चष्म्याचं दुकान होतं, पण शनिवारी संध्याकाळी ते बॉक्सिंगच्या रिंगमध्ये उभे राहत. त्या शनिवारी लढत होती कटकट्याची. हे नाव त्याला क्लबातल्या पोरांनी ठेवलं होतं. हातमोजे घट्ट बांधले की कटकट, सैल बांधले तरी कटकट. एकदा रेफरीने ताकीद दिली, तर हा पठ्ठ्या त्यांनाच नियम समजावत बसला आणि समोरच्याला आयतीच विश्रांती मिळाली.

दुसऱ्या फेरीत त्याच्या जबड्यावर डावा ठोसा असा बसला की कटकट्या आधी बसला आणि मग सावकाश आडवा झाला.

रेफरीने समोरच्याला कोपऱ्यात पिटाळलं आणि मोजायला सुरुवात केली. तोंडाने आकडे, लक्ष मात्र डोळ्यांवर. दहाच्या आत नुसतं उभं राहून भागत नाही, माणूस भानावर असावा लागतो. कटकट्या सहाला उठला. मुठी वर, नजर सरळ.

"माझ्याकडे चालत ये."

आला. झोकांडी नाही, काही नाही.

"लढणार?"

"आपण म्हणाल तसं, सर."

रेफरी चपापले. त्यांनी खडा टाकून पाहिला, "मी फार भरभर मोजलं का रे?"

"छे! फार सुंदर मोजलंत."

रेफरीने दोन्ही हात हलवून लढत तिथेच थांबवली.

हॉलमध्ये एकच गिल्ला झाला. प्रशिक्षक दोरांवर चढला. "अहो, चालतोय, बोलतोय! अजून काय पाहिजे?"

"बोलतोय, तीच तर भानगड आहे!"

तेवढ्यात पहिल्या रांगेतून कटकट्याची बायको तरातरा आली. "धडधाकट आहे माझा नवरा! दुकानातला एखादा चष्मा स्वतःलाही लावत जा!"

"वहिनी, तुम्हीच बोलून बघा."

ती नवऱ्याकडे वळली. "अहो, फार लागलं का?"

"माझं सोड गं. तूच दमली असशील. आणि तुझ्या आईला बोलाव की राहायला, चांगली महिनाभर."

वहिनी गर्रकन मागे वळल्या. "डॉक्टर!" त्या किंचाळल्या.

कपडे बदलायच्या खोलीत डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली, चार प्रश्न विचारले. कटकट्याच्या मते लढत अजून सुरूच व्हायची होती. "मेंदूला धक्का बसलाय," डॉक्टर म्हणाले. "आणखी एक ठोसा बसला असता तर अवघड होतं. आता मोठ्या दवाखान्यात न्या, आणि मी सांगेपर्यंत हातमोजे बंद."

रेफरी बाहेर बाकावर बसले होते. वहिनी डोळे पुसत आल्या. "रागाच्या भरात बोलून गेले, भाऊजी. मनावर घेऊ नका."

मग त्या मागोमाग बाहेर आलेल्या डॉक्टरांकडे वळल्या. "हे असं गोड बोलणं किती दिवस राहील?"

"एक-दोन दिवसांत होतील पहिल्यासारखे. काळजी करू नका."

"काळजी नाही हो," वहिनी म्हणाल्या, "मग घराला कुठला रंग द्यायचा ते गाडीतच विचारून घेते."