सुगंधाबाईचं खरं वय

माझी मोठी बहीण सुगंधाबाई कागदावर दहा वर्षांनी म्हातारी झाली, ती माझ्यामुळं. आमच्या शाळेत आधारकार्डाचं शिबिर भरलं होतं. जन्मतारखेचा दाखला निम्म्या गावाकडं नव्हता. ऑपरेटर तोंडाकडं बघून साल टाकत होता आणि मी, गावचा लटारू मास्तर, मदतीला उभा होतो. सुगंधाबाईचा नंबर आला तेव्हा मीच वाकून सांगितलं, "सत्तावन्न लिहा." होती ती सदुसष्टची. म्हातारपणाचा पगार लवकर सुरू होईल, एवढीच माझी अक्कल. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी दरवर्षी वर्गात शिकवतो.

पगार सुरू झाला आणि वर्ष उलटायच्या आत तिच्या एकुलत्या एका पोराची, निकेशची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. तो वडशाच्या एका नाटक मंडळीत लाईट सांभाळायचा. डोकं दुखलं की जागरणाचं आहे म्हणायचा. ते रक्तदाबाचं होतं. तोंड सुजलं तेव्हा कळलं, आणि मग आठवड्यातून दोनदा ब्रह्मपुरीला डायलिसिस सुरू झालं. तेहतीस वर्षांचा पोरगा, पण जिना चढला तर धापा टाकायचा.

त्याच्या बायकोचा, चंचलचा, रक्तगट जुळला नाही. बाईचा जुळला. ती घरोघर सांगत सुटली, "माया गट अन् माया पोराचा गट एकच हाये व!" एखादीला लॉटरी लागावी तसं तिचं तोंड झालं होतं.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र आधी कार्ड पाहिलं. सहासष्ट. या वयात मूत्रपिंड काढून घेणं आम्हांला बरोबर वाटत नाही, असं त्या समजुतीनं म्हणाल्या.

"मी छप्पनची हावो मॅडम," बाई खुर्चीवरून उठलीच. "ह्या लटारूनं वाढवलं माह्यं वय. इचारा त्याले!"

सगळी खोली माझ्याकडं पाहायला लागली. तीस वर्षं पोरांच्या चुका काढणारा मी खाली मान घालून उभा राहिलो.

पुरावा कुठून आणायचा? बाई लहानपणी दोन वर्षं शाळेत गेली होती, मला कडेवर घेऊन. मी भोकाड पसरलं की गुरुजी दोघांनाही बाहेर काढायचे. शेवटी मला सांभाळायला म्हणून तिचं नावच काढलं. त्या शाळेच्या कपाटात मी चार दिवस धूळ खाल्ली. रजिस्टर वाळवीनं अर्धं फस्त केलेलं, पण पान सापडलं. एक जून एकोणीसशे सदुसष्ट. गुरुजींनी सगळ्या पोरांना एक जूनच ठोकलेला. साल मात्र खरं होतं.

पुढं दोन महिने प्रतिज्ञापत्रं, शिक्के आणि देसाईगंजच्या चकरा. वय कमी झालं की पगार बंद होणार, हे मी तिला सांगितलं. "जाऊ दे खड्ड्यात," ती म्हणाली. नवीन कार्ड हातात आलं त्या दिवशी तिनं ते देवापुढं ठेवलं नाही, सरळ पिशवीत टाकलं आणि नागपूरची गाडी कधी आहे ते विचारलं.

त्या प्रवासात ती वर्षभरानं हसली. "पाह्य लटारू, दहा वर्षानं जवान झाली मी. आता मायासाठी नवरा पाह्यतं का?" पुढच्या सीटवर बसलेला निकेशसुद्धा हसला. मला वाटलं, चला, सुटलो आपण.

दवाखान्यात तिच्या हाताला सुई टोचून मशीनखाली झोपवलं. कोणत्या मूत्रपिंडाकडं किती रक्त जातं, ते त्यात दिसतं म्हणे. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आम्हां दोघांनाच आत बोलावलं.

"कागद आता बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या मूत्रपिंडांना रक्त फार कमी पोचतंय. वय झालं की ते सगळ्यांचंच कमी होतं. पण छप्पनला इतकं नाही. ही सत्तरीतल्या बाईची मूत्रपिंडं आहेत. एक काढलं तर उद्या तुम्हीच डायलिसिसवर याल." मग थांबून त्यांनी विचारलं, "दुखण्याच्या गोळ्या घेता का?"

"रोवण्यात घेतो ना," बाई म्हणाली. "सप्पाच बाया घेतात."

आमच्या झाडीपट्टीत धानाच्या रोवण्याला, म्हणजे भाताच्या लावणीला, बाया दिवसभर चिखलात वाकून असतात. चहाबरोबर मालक गोळी वाटतो. जो वाटत नाही त्याच्या बांधीत बाया उतरत नाहीत. वर, उघड्या शेतात आडोसा नसतो म्हणून पाणीही पीत नाहीत. बाईनं असे चाळीस हंगाम काढले, आपलं आवरलं की दुसऱ्या गावाला. त्या गोळीनं मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या आवळतात, असं डॉक्टरीणबाई सांगत होत्या. मी शिकलेला माणूस, मलाही हे ठाऊक नव्हतं.

बाईनं वळून दार लागलं आहे का ते पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मॅडम, माया पोराले हे सांगू नोका."

"काऊन वं बाई?" मी विचारलं.

"रोवण्याच्याच पैशावर त्याले वाढवलं मी. बाप तं लहानपणीच गेला. त्याले समजलं तं तो सोताले खाईन. आधीच किती राह्यलाय तो?"

बाहेर निकेश बाकावर बसला होता. आम्हांला पाहून उठायला लागला. बाईनं त्याला खाली बसवलं आणि माझ्याकडं न पाहता म्हणाली, "जमलं नाई बाबू. दवाखान्याच्या कमिटीनं जुनंच वय धरलं. नवा कागद मानतच नाईत ते."

निकेशनं माझ्याकडं पाहिलं. "मामाजी, तुमी तं मास्तर होते."

मला खरं सांगता आलं असतं. नुसतं तोंड उघडायचं होतं. शेजारी बाई पदराचं टोक मुठीत धरून उभी होती, आणि तिला माझ्याकडून आयुष्यात पहिल्यांदा काही हवं होतं.

"चूक माझीच झाली," मी म्हणालो.

निकेशनं त्यानंतर दीड वर्ष काढलं. माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मी गेलो की भिंतीकडं तोंड करायचा. आईशी मात्र शेवटच्या दिवसापर्यंत बोलत होता.