पांढरं बटण

बटण पांढरं होतं. बाकीची तपकिरी, आणि वरून दुसरं हे असं, चपटं, चार भोकांचं, प्रयोगशाळेतल्या कोटाला असतं तसलं. दोरा भोकांतून फुलीसारखा ओवलेला. अशी फुली घालायची सवय कुणाची, हे आधी तिच्या बोटांना कळलं, मग डोळ्यांना. तिला स्वतःला कळायला बराच वेळ लागला, किंवा क्षणभरच लागला असेल... परवा पहाटे जमीन हलल्यापासून वेळेचा अंदाज येईनासा झाला होता.

कोट निळा होता. तिनं तो ढिगातून पुरता ओढला नाही. नुसती कड हातात धरून राहिली.

चर्चमधली बाकं भिंतीला सरकवली होती आणि मधोमध कपड्यांचा हा पुरुषभर उंच ढीग. त्यातून कपडे निवडून वाटपाच्या टेबलावर लावायचं काम तिच्याकडे होतं. हे कपडे भूकंपग्रस्तांसाठी म्हणून आलेलेच नव्हते. छपराच्या दुरुस्तीसाठी चर्च दर वर्षी जुन्या कपड्यांची विक्री करायचं. त्यासाठी गेल्या रविवारी आसपासच्या गल्ल्यांतल्या लोकांनी पिशव्या भरभरून आणून टाकल्या होत्या. आता त्याच गल्ल्यांतले लोक तेच कपडे घ्यायला रांगेत उभे होते.

"अहो, ही माझीच पँट!" सकाळी रांगेतला एक टकला माणूस ओरडला होता. "रविवारी बायकोनं देऊन टाकली, मला न विचारता!"

"मग आभार माना तिचे," कपडे वाटणाऱ्या बाई म्हणाल्या. जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडली म्हणून त्यांना सगळे कंडक्टरबाई म्हणत. "घरात ठेवली असती तर गाडली गेली असती. चला, पुढे सरका, पुढे सरका!"

लोक हसले होते, आणि मग हसल्याबद्दल वरमून एकमेकांची नजर चुकवत राहिले होते. तीही हसली होती.

मला न विचारता. धाकट्या बहिणीनंही विचारलं नव्हतं. धाकटीच्या या कोटाचं बटण हरवलं तेव्हा हिनं स्वतःच्या प्रयोगशाळेच्या कोटाचं कापून लावून दिलं होतं — आणि धाकटी आरशासमोर उभी राहून खिदळत होती, "ताई, हे काय गं! दुधाचा दात राहिल्यासारखं दिसतंय!" पण दोन हिवाळे घातला तिनं तो. आणि गेल्या रविवारी सरळ पिशवीत कोंबला. एवढासा राग आला, अगदी एवढासा, नेहमीचा, बहिणीबहिणींतला... आणि त्या रागाला धरून उभं राहता येतंय हे पाहून ती चकित झाली.

बाहेर शिट्टी वाजली.

सगळं जिथल्या तिथे थांबलं. चर्चच्या मागच्या गल्लीत पाच मजली इमारत बसली होती. तिच्या दुसऱ्या मजल्यावर धाकटी राहायची. शिट्टी झाली की यंत्रं बंद व्हायची, जवान ढिगाऱ्याला कान लावायचे, आणि आसपासच्या प्रत्येकानं श्वाससुद्धा जपून घ्यायचा. फादरनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "शिट्टी झाली की प्रार्थना मनातल्या मनात." तरी कोपऱ्यातले आजोबा सवयीनं मोठ्यानं पुटपुटायला लागले, आणि कंडक्टरबाईंनी जाऊन त्यांच्या तोंडावर हळूच हात ठेवला. देवाच्या घरात देवाचं नाव घेणाऱ्याचं तोंड दाबलेलं तिनं पाहिलं, आणि त्यात वावगं असं काहीच वाटलं नाही.

आत्तापर्यंतच्या प्रत्येक शांततेत ती एकच म्हणत आली होती — लवकर, लवकर संपू दे, कुणीतरी ओरडू दे, सापडली म्हणू दे. शांतता संपायची ती मात्र यंत्राच्या घरघरीनं.

आत्ताही तशीच संपली.

तिनं कोट झटकन ओढला, घडी केली आणि टेबलाखाली, पायाशी ठेवला.

शहराचं पाणी तपासण्यात तिची नोकरीची सगळी वर्षं गेली होती. आजही अंगणातल्या टाकीतलं पाणी तिनंच तपासलं. नळीत थेंब टाकले, पाणी गुलाबी झालं, क्लोरीन पुरेसं आहे, प्यायला द्या. थेंब पडण्याआधी पाण्याकडे पाहून काही सांगता येत नाही. हे ती नव्या मुलींना शिकवायची. बघून ठरवायचं नाही... थेंब टाकायचा, मग बोलायचं.

"मॅडम, मोठा कोट आहे का एखादा? सैल बाहीचा?" कंडक्टरबाईंनी विचारलं. त्यांच्यासमोर एक बाई उभी होती, उजवा हात प्लास्टरमध्ये, अंगावर पातळ गाऊन, ओठ थंडीनं काळेनिळे. तिच्या केसांत अजून चुना होता.

"नाही," ती म्हणाली. "बघते."

"ते पायाशी काय आहे?"

"ते... अस्तर उसवलंय त्याचं."

"उसवलं तर उसवलं. या काय लग्नाला निघाल्यात?"

"असू द्या हो," प्लास्टरवाली बाई पुटपुटली. "नसेल तर नसू द्या."

तिनं खाली पाहिलं. घडीच्या वर नेमकं ते बटण आलं होतं. मी हा ठेवून का घेतेय? कपाटात ठेवीन, कधीतरी काढून वास घेईन — पण असं तर माणसं कुणाचे कपडे ठेवतात? जी गेली त्यांचे. जिवंत माणसानं टाकलेला जुना कोट कुणी जपून ठेवत नाही. जिवंत माणूस उद्या येऊन म्हणेल, अगं ताई, मी दिलाच होता की तो, तू कशाला कवटाळून बसलीस! पायाशी कोट ठेवून तिनं कुणालाही न विचारता, थेंब न टाकताच, निकाल देऊन टाकला होता.

"हा घ्या," ती म्हणाली. आवाज जरा मोठाच निघाला. "माझ्या बहिणीचा आहे. तिनंच दिलाय."

कंडक्टरबाई जवळ आल्या. तिच्या पाठीवर त्यांचा हात क्षणभर टेकला.

तिनं स्वतः पुढे होऊन प्लास्टरचा हात बाहीतून अलगद सरकवला, बटणं लावली. पांढऱ्यापाशी बोटं अडली, मग तेही लावलं.

"ऊब आहे हो," ती बाई म्हणाली. "तुमच्या बहिणीला सांगा."

"सांगते."

बाई दाराकडे वळली. निळी पाठ, डावा खांदा किंचित वर... सगळ्याच पाठी अशा दिसतात, निळ्या कोटात कुणाचीही पाठ अशीच दिसणार, हे तिला ठाऊक होतं.

शिट्टी वाजली.

दाराच्या उजेडात ती पाठ थांबली. आजोबांनी या वेळी आपला हात आपणच तोंडावर ठेवला. कुठे लेकरू रडत नव्हतं, कुणी खोकत नव्हतं. तिनं श्वास धरला, आणि 'लवकर' म्हणायला मन सवयीनं पुढे झालं, पण शब्द आला नाही. त्या पाठीवरून नजर न काढता ती उभी राहिली, नळीवर थेंब धरून उभं राहावं तशी — न पडलेला थेंब, न रंगलेलं पाणी — आणि तिला वाटलं, नको, इतक्यात नको, अजून थोडा वेळ कुणी काही बोलू नये...